न घातलेला लसूण

१

दादा पडला तेव्हा त्याच्या तोंडात माझ्या हातचा मासा होता.

पुढचे चार दिवस माझ्या डोक्यात हेच एक वाक्य फिरत होतं, म्हणून तिथूनच सांगायला घेते. दुपारचे साडेतीन वाजत आले होते. जेवायला आलेलं शेवटचं गिऱ्हाईक उठून गेलं होतं आणि रेस्टॉरंटच्या खिडकीपाशी, लांब टेबलाला आम्ही चौघं बसलो होतो. दादा माझा थोरला भाऊ. रेस्टॉरंट त्याचं, आणि चालायचं ते त्याच्या जिभेवर. वहिनी बाहेरची बाजू बघते, गिऱ्हाइकं, टेबलं, ग्लास. मी बावीस वर्षं त्याच्या स्वयंपाकघरात उभी आहे. चौथे वाइन विकणारे गृहस्थ. त्यांच्या गळ्यात बारा महिने पिवळा टाय असतो, म्हणून आम्ही त्यांना टायवालेच म्हणतो, तोंडावरसुद्धा.

दर हंगामाला आमच्याकडे एक नवी वाइन येते आणि तिच्याबरोबर काय वाढायचं ते दादा ठरवतो. मग तळहाताएवढं कार्ड छापतो. त्या कार्डासाठी लोक लांबून येतात.

त्या दिवशीची वाइन फ्रेंच होती. पांढरी, दोन जातींच्या द्राक्षांची मिळून केलेली, एक सोव्हिन्याँ आणि दुसरं सेमियाँ.

"एक फटकळ, एक गोडबोली," टायवाले ग्लास भरत म्हणाले. "तरी दोघी एका बाटलीत सुखानं नांदतात. नणंदा-भावजयांनी बघून घ्यावं."

मी हसले. वहिनी हसली नाही.

आधी नुसती वाइन झाली. दादानं घोट तोंडात घोळवला आणि पत्र्याच्या बादलीत थुंकला. दुसरा घेतला, तोही थुंकला. मग ताटल्या आल्या. वाफवलेले शिंपले, बकरीच्या दुधाचं चीज, लोणी आणि लिंबातला मासा. सगळ्यांनी सगळं खाल्लं. सगळ्यांनी एकाच बाटलीतली वाइन घेतली.

मासा सुरू झाला तेव्हा दादाचे कान लाल झाले होते. मला वाटलं, खिडकीतून ऊन येतंय. मग गळा लाल झाला, मग अख्खा चेहरा, भाजल्यासारखा.

"बारके, खिडकी उघड," तो म्हणाला. मी शेहेचाळीस वर्षांची आहे, पण त्याच्यासाठी बारकीच.

मी उठले. खिडकीची कडी हातात असताना मागे खुर्ची आपटल्याचा आवाज आला.

वळून बघते तर दादा जमिनीवर होता. वहिनीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, तो ओकत होता आणि त्याच्या गळ्यावरची शीर लांबूनही दिसेल इतकी उडत होती. टायवाल्यांनी आपला ग्लास दोन बोटांत धरून टेबलाच्या पार टोकाला नेऊन ठेवला.

वहिनीनं मान वर केली, ती माझ्याकडे बघायला.

"काय घातलं होतंस त्यात?"

२

हॉस्पिटलमध्ये त्याचा जीव वाचला, पण कसाबसा. रक्तदाब तळाला गेला होता. डॉक्टर तरुण होते आणि खरं बोलणारे होते. "पोटात काहीतरी गेलंय," ते म्हणाले. "काय, ते मला कळत नाही. आम्हाला हे वर कळवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्न तपासणीच्या बाई आल्या. साठीच्या आसपास वय, ठेंगणा बांधा, पायात कापडी बूट. पिशवीत एक शाळकरी वही आणि फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा चमचा. आल्या आल्या त्यांनी फ्रीजला सील लावलं, उरलेला मासा, शिंपले, चीज आणि ती बाटली डब्यांत भरून पाठवून दिली आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"मी वाइन घेत नाही," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यामुळे तुम्हाला मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. कंटाळा करू नका."

मी सांगितलं. ऐकताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, ओट्याकडे बघत होत्या.

"मासा बर्फावर न ठेवता राहिला, तर काही माशांत एक विष तयार होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "शिजवलं तरी जात नाही. चवीला कळत नाही. खाणारा मात्र असाच लाल होतो. छाती धडधडते, उलटी होते."

मी ओट्याला टेकले. त्या दिवशी माशाची पेटी मागच्या दाराशी अर्धा तास तशीच पडली होती. आत दादाचं आणि माझं भांडण चाललं होतं आणि भांडणात मी पेटी विसरले. हे मी बाईंना सांगितलं नाही.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "मासा चौघांनी खाल्ला. लाल एकटे तुमचे दादा झाले. म्हणून तर मला माशापेक्षा माणसांची काळजी जास्त वाटतेय."

३

बाईंनी एकेकाला त्याच लांब टेबलाशी बोलावलं. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात ताटल्या सरकवायची एक खिडकी आहे. मी तिच्यामागे भांडी पुसत उभी राहिले. एकच भांडं पुसत होते.

टायवाले आधी गेले. बाटली सीलबंद होती, सगळ्यांसमोर त्यांनीच उघडली, त्यांनीच ओतली.

"गेल्या हंगामात तुमची वाइन नाकारली म्हणे," बाईंनी विचारलं.

"नाकारली. वर चारचौघांत म्हणाले, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. महिनाभर लोक मला पुठ्ठेवाले म्हणत होते."

"राग आला असेल."

"आला ना. पण बाई, घेणाऱ्यालाच मारून मी विकणार कोणाला?"

मग वहिनी बसली, ताठ.

"ग्लास कोणी पुसले होते?"

"मी." मग ती म्हणाली, "तुमच्या कानावर येईलच, म्हणून आधीच सांगते. मी त्यांना म्हटलं होतं, एक दिवस ही जीभच तुमचा जीव घेईल. रागात म्हटलं होतं. पण लसणाचं भांडण काही माझं नव्हतं."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. मी तिथं आहे हे त्यांना सुरुवातीपासून माहीत असावं.

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "लसणाचं काय?"

आठेक दिवसांपासून दादाला माझ्या प्रत्येक पदार्थात लसूण लागत होता. सूप, मासा, साधं अंडं, सगळ्यांत. मी शपथेवर सांगत होते की घातलेला नाही. शेवटी स्वयंपाकघरातला लसूण उचलून बाहेर टाकला, तरी त्याचं तेच. वाइनबरोबर काय जातं ते ठरवायचंय आणि तू माझी जीभ नासवतेस, म्हणाला. त्या सकाळी त्यानं ताटली भिंतीवर मारली. दुसरी स्वयंपाकीण आणतो म्हणाला. बावीस वर्षांत हे तो पहिल्यांदा म्हणाला होता.

"लसूणच, की लसणासारखं?"

"लसणासारखं. एकदा म्हणाला, पत्रा चाटल्यासारखं लागतंय."

"आणि ते खाताना वाइन घेत होते?"

"छे. या वेळी चाखण्याआधी बारा दिवस त्यानं थेंब घेतला नव्हता. जीभ धुऊन ठेवतो म्हणाला."

"या वेळी? एरवी नाही?"

"एरवी नाही."

बाईंनी वहीत काहीतरी लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग घरात आणखी कोण असतं ते विचारलं. आम्ही सगळेच वरच्या मजल्यावर राहतो, मी म्हणाले, आणि महिन्याभरापासून आईही आलीय, गुडघ्यांमुळे तिला एकटीला जमत नाही. त्या दिवशी ती खाली नव्हती. बाटली उघडली की ती खाली येतच नाही.

बाई गेल्यावर मी मागे फिरले तर वहिनी दारात उभी होती. इतक्या जवळ, की तिच्या श्वासाचा आवाज येत होता.

"आजपासून त्यांच्यासाठी तुझ्या हातचं काही जाणार नाही," ती म्हणाली. "निदान खरं काय ते कळेपर्यंत."

त्या वेळी माझ्याही डोक्यात एकच चाललं होतं. ग्लास तिनं पुसले होते.

४

दोन दिवस आम्ही एका घरात, एकमेकींनी केलेलं न खाता काढले. ती पाव आणून खायची. मी उभ्या उभ्या बटाटे उकडायचे. जिन्यात समोरासमोर आलो तर एक जण भिंतीला लागून उभी राहायची. आईला आम्ही धड काही सांगितलं नव्हतं. तीही विचारत नव्हती. सकाळी आणि दुपारी डबा घेऊन हळूहळू जिना उतरायची आणि टॅक्सीनं हॉस्पिटलात जायची. तिथलं जेवण दादाच्या तोंडाला लागत नव्हतं. आईचं दही-मध, जे ती घरीही रोज त्याच्यापुरतंच करायची, तेवढं पोटात जात होतं.

चौथ्या दिवशी सकाळी बाई आल्या आणि सील काढू लागल्या.

"मासा चांगला होता," त्या म्हणाल्या. "शिंपले चांगले, चीज चांगलं. आणि वाइनमध्ये वाइनच होती."

मी स्टुलावर बसले आणि पदर तोंडाला लावून रडले. वहिनी दाराशी उभी राहून ऐकत होती. तिनं पाण्याचा ग्लास भरून माझ्यापुढे ठेवला. आधी स्वतः एक घोट घेतला, मग ठेवला.

"त्यांना काहीतरी गरम करून दे," ती म्हणाली. "मी घेऊन जाते."

मी माशाच्या हाडांचं सूप केलं. कांदा, गाजर, दोन तास मंद आच. गाळून घेतलं आणि नेहमीसारखी शेवटी वरून थोडी पांढरी वाइन घातली. एक वाडगं बाईंना दिलं. त्यांनी स्वतःच्या चमच्यानं ते खाल्लं आणि आणखी मागितलं. वहिनी थर्मास घेऊन गेली. चार दिवसांत पहिल्यांदा मी खिडक्या उघडल्या.

साडेअकराच्या सुमारास फोन वाजला. वहिनी होती.

"लाल झालेत," ती म्हणाली. "परत. सूप संपवलं आणि वीस मिनिटांत. डॉक्टर आत आहेत, मला बाहेर काढलंय."

"वहिनी, अगं..."

"या वेळी टायवाले नव्हते. शिंपले नव्हते. फ्रेंच बाटली नव्हती." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "तुझा थर्मास होता, बारके. बाकी काही नव्हतं."

५

सुपाचं पातेलं ओट्यावर होतं. तळाशी पेलाभर सूप उरलं होतं. मी ते मोरीत नेलं आणि नळाला हात लावला. का, ते मला आजही सांगता येत नाही. मी काही केलं नव्हतं. पण चार दिवस लोक तुमच्याकडे तसं बघत राहिले की तुमचे हात गुन्हेगारासारखे वागायला लागतात.

"राहू द्या ते," मागून बाई म्हणाल्या.

त्या गेल्याच नव्हत्या. बाहेर बसून अहवाल लिहीत होत्या. त्यांनी माझ्या हातातून पातेलं घेतलं, झाकण ठेवलं आणि मग स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले.

"मीही दोन वाडगी खाल्लीत. मी लाल झालेय का?"

"नाही."

"तुम्ही खाल्लंत?"

"चव बघताना अर्धी वाटी." मग माझा बांध फुटला. "बाई, त्या दिवशी माशाची पेटी मी अर्धा तास बाहेर विसरले होते. मी लपवलं तुमच्यापासून."

"मासेवाल्यानं परवाच सांगितलं. तुमची वाट बघून तो निघून गेला होता. मासा चांगलाच निघाला, सोडा ते. यात काय काय आहे ते सांगा."

मी सांगत गेले. वाइन म्हटल्यावर त्यांचं पेन थांबलं.

"ती फ्रेंच?"

"नाही हो, साधी. स्वयंपाकाची."

"शिजवून घातली?"

"वरून. शेवटी. कच्ची राहिली तर वास छान येतो."

बाईंनी वही मिटली.

"त्या दिवशी मासा, शिंपले, चीज आणि एक वाइन," त्या म्हणाल्या. "आज नुसती हाडं आणि दुसरीच वाइन. दोन्हीकडे सारखं काय?"

"वाइन. पण ती आपल्या सगळ्यांना चालली."

"चालली. म्हणजे विष वाइनमध्ये नाही, अन्नातही नाही. ते तुमच्या दादांच्या अंगात आधीपासून आहे, आणि दारूचा थेंब आत आला की उठतं." त्यांनी आवाज खाली आणला. "दारू सोडवायची एक गोळी असते. नुसती घेतली तर माणसाला फारसं काही कळत नाही. वर दारू घेतली की चेहरा पेटतो, छाती फुटायला होते, माणूस कोसळतो. अंगात पंधरा दिवससुद्धा राहते. आणि काही जणांच्या तोंडाला ती चव आणते. लसणासारखी. पत्र्यासारखी."

आठ दिवस मी त्याच्याशी भांडत होते, आणि लसूण खरंच त्याच्या तोंडात होता.

"मला एकच कळत नाही," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी सुरुवातीला ते थुंकत होते. मग लाल झाले ते जेवताना. असं का?"

"नुसती वाइन चाखतात तेव्हा थुंकतात. पण कशाबरोबर वाढायची ते थुंकून कळत नाही. घास आणि घोट दोन्ही घशाखाली गेल्यावर मागे काय उरतं, त्यावर जोडी ठरते. तेव्हा गिळावंच लागतं."

"हे वहिनींना माहीत आहे?"

"वीस वर्षं त्याच टेबलाशी बसतेय ती."

"टायवाल्यांना?"

"त्यांचा धंदाच आहे."

"आणि तुम्हाला आहेच. मग गोळी देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. त्याला वाटलं, तोंडात घेतील आणि थुंकून टाकतील, त्यानं काय होतंय. त्याला मारायचं नव्हतं. सोडवायचं होतं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या घरात असा कोण आहे, ज्यानं हे टेबल कधी बघितलेलंच नाही? आणि असं काय आहे, जे तुमचे दादा रोज एकटेच खातात? इथंही, आणि हॉस्पिटलातही?"

"दही-मध," मी म्हणाले. शब्द तोंडातून गेला आणि मग मला त्याचा अर्थ कळला.

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आईचा दुपारचा डबा साडेबाराला असतो.

६

वॉर्डचा फोन लागत नव्हता. वहिनी उचलत नव्हती. टॅक्सीत बाई डॉक्टरांचा नंबर फिरवत होत्या आणि मी पुढच्या सीटची पाठ धरून बसले होते. प्रत्येक चौकात दिवा लालच लागतोय असं वाटत होतं.

"डबा दिला तर काय होईल?" मी विचारलं.

"आज तासाभरापूर्वीच त्यांना दुसरा झटका आलाय. अजून औषध आत गेलं आणि कुठल्या सिरपमधून जरी मद्यार्क मिळाला, तर हृदयाला झेपेल असं मला वाटत नाही."

दुसऱ्या मजल्यावर बाकावर वहिनी भिंतीला डोकं टेकून बसली होती. मला बघून ती उभी राहिली आणि दाराच्या आड आली.

"तू आत जायचं नाहीस."

"आई कुठाय?"

"आत आहे. आईला कशाला अडवू? ती तर..." माझा चेहरा बघून ती बोलायची थांबली. मग स्वतःच वळून तिनं दार ढकललं.

दादा उशीला टेकून पडला होता, ओठ पांढरे. आई पलंगाच्या कडेला बसली होती. एका हातात काचेचं वाडगं. दुसऱ्या हातातला चमचा त्याच्या ओठांशी होता, आणि दादानं डोळे मिटून, लहान मुलासारखं तोंड उघडलं होतं.

मी आईच्या हातावर मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. चमचा भिंतीवर गेला, वाडगं जमिनीवर फुटलं.

आईनं मला पाहिलं. ती मला घाबरली होती.

बाई खाली वाकल्या. फुटलेल्या वाडग्याच्या तळातून त्यांनी स्वतःच्या चमच्यानं दही उचललं आणि उजेडात धरलं. त्यात न विरघळलेले पांढरे कण होते.

"मावशी," त्या आईजवळ बसत म्हणाल्या, "किती दिवस झाले देताय?"

आईनं वहिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दादाकडे बघायचं तिनं टाळलं.

"सोळा," ती म्हणाली. "आज धरून."

७

चौकातल्या औषधवाल्यानं तिला चिठ्ठीशिवाय पाकीट दिलं होतं. रंग नाही, वास नाही, पिणाऱ्याला पत्ता लागत नाही, म्हणाला. पिणं नावडतं होईल. पिऊन माणूस कोसळतो, हे त्यानं सांगितलं नव्हतं.

"पण का, आई?" वहिनीनं विचारलं.

"का म्हणजे? तुझे सासरे त्रेपन्नाव्या वर्षी गेले, कशानं गेले ते तुला कोणी सांगितलं नाही. आम्ही कोणालाच सांगितलं नाही. काविळीनं गेले म्हणायचो." आई हातातल्या रुमालाशी बोलत होती. "हा आता बावन्नचा. मी इथं आल्यापासून बघतेय. दुपारी गिऱ्हाईक गेलं की मागच्या जिन्यात उभा राहून बाटलीत उरलेलं पितो. सगळे म्हणतात, चाखतो आणि थुंकतो. जिन्यात कुठं बादली होती?"

मी मान खाली घातली. जिन्याचं मलाही माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं.

"औषध सुरू केलं आणि त्याच दिवसापासून जिन्यात जायचा थांबला. मला वाटलं, लागू पडलं. देवच भेटला मला. मग हा पडला. मी म्हटलं, शेवटी त्या बाटलीनंच पाडलं. म्हणून..." तिनं रुमाल मुठीत धरला. "म्हणून इथं दुप्पट दिलं."

"औषधानं नव्हतं थांबलं, आई," दादा म्हणाला.

त्याचा आवाज इतका क्षीण होता की आम्ही सगळ्या पुढे वाकलो.

"मीच सोडली होती. बारके, जीभ धुवायला म्हणून तुला सांगितलं ना, ते खोटं होतं. जमतं का ते बघत होतो. बारा दिवस जमलं. रोज रात्री मोजायचो. मग टायवाल्यांनी बाटली उघडली. धंदा म्हटल्यावर गिळावी लागली."

आईनं त्याच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. "मला सांगितलं का नाहीस?"

"तू मला सांगितलंस?"

वहिनी जमिनीवरचे काचेचे तुकडे गोळा करायला लागली आणि मी तिच्याबरोबर बसले. एका तुकड्यावर दोघींचा हात गेला. "थर्मासचं मी तुला बोलायला नको होतं," ती खाली बघत म्हणाली. मी म्हणाले, "आणि मी चार दिवस तुझ्या ग्लासांबद्दल विचार करत होते." तिनं तो तुकडा माझ्या हातातून काढून घेतला, कापेल म्हणून.

बाईंनी अहवालात सगळं जसंच्या तसं लिहिलं. काही गाळता येणार नाही, असं त्यांनी आम्हाला आधीच सांगितलं. औषधवाल्याचा परवाना गेला. आईला दोनदा पोलीस चौकीत जबाब द्यायला जावं लागलं. दोन्ही वेळा बाई तिच्याबरोबर बाकावर बसून होत्या. पुढे दादानं लिहून दिलं की त्याची काही तक्रार नाही, आणि प्रकरण तिथं थांबलं. पण त्यानंतर कित्येक दिवस आई घरात कोणाला पाणीसुद्धा द्यायची नाही. दोन हात मांडीवर ठेवून बसून राहायची.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, निदान पंधरा दिवस थेंब नको. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तीच गोळी, माझी मी घेतली तर?"

"तुमच्या मर्जीनं, तपासण्या करून, आमच्या देखरेखीखाली घेतली, तर ते औषध आहे. पण मग चाखणं बंद. चमच्यातली वाइनसुद्धा नाही. तुमचा धंदा..."

"बघू," दादा म्हणाला.

दोन महिन्यांनी टायवाले परत आले. बाटली तीच, फ्रेंच, दोन द्राक्षांची. दुपारची वेळ होती. दादा टेबलाच्या टोकाला कोरं कार्ड घेऊन बसला होता. बाटली असताना आई पहिल्यांदाच खाली आली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली. मधल्या जागेवर मी होते. माझ्यापुढे चार ताटल्या आणि एक ग्लास होता. माझी जीभ दादासारखी नाही. मी इतकी घाबरले होते की पहिला घास नुसता चावत राहिले.

मग घोट घेतला आणि गिळला. सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. टायवालेही.

"बोल," शेवटी दादा म्हणाला. "कशाबरोबर वाढायची?"

"भाजलेल्या कोंबडीबरोबर," मी म्हणाले. "गरम नको. आदल्या दिवशीची, गार."

त्यानं कधीच असं ठरवलं नसतं. तो काही म्हणेल म्हणून मी थांबले. त्यानं पेनचं टोपण काढलं. अक्षर वाकडं येत होतं, पण मी सांगितलं तेच त्यानं लिहिलं.